चाळीस अंशाला उकळणारा रिमूव्हर आणि सोलापूरचा मे महिना

प्रश्न : शुक्रवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. मुख्य दरवाजा आणि माजघराची दोन दारं सागवानी, कोरीव चौकटीची. त्यांवर ऑइल पेंटचे सहा-सात हात चढले आहेत. पुढच्या महिन्यात घरात सुनेचं डोहाळजेवण आहे, त्याआधी सगळं मूळ लाकडावर आणायचं ठरवलंय. रंगारी ओळखीचा आहे. ‘पाच लिटर रिमूव्हर आणा, दोन दिवसांत लाकूड उघडं करून देतो,’ म्हणतो. बाहेर ऊन फार, म्हणून काम आत माजघरातच करणार. कॅनवर नुसतं ‘पेंट रिमूव्हर’ लिहिलंय, आत काय आहे ते कुठंच नाही. मुलगा म्हणतो, हे रसायन अमेरिकेत बंद केलंय. मग आपल्याकडे दुकानात कसं मिळतं? रंगारी म्हणतो, बारा वर्षं वापरतोय, काही होत नाही. माझ्या वडिलांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. वापरू की नको?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : माजघरात तर नकोच. आणि घटक न लिहिलेला कॅन अंगणातही नको, तो दुकानदाराला परत करा.

दोन मिनिटांत रंग फुगवून सुरकुत्या पाडणारा रिमूव्हर म्हणजे बहुतेक वेळा मेथिलीन क्लोराइड. लेबलावर किंवा बिलावर हेच रसायन डायक्लोरोमिथेन, मेथिलीन डायक्लोराइड, डीसीएम, एमडीसी अशा कुठल्याही नावानं येऊ शकतं. नावांचा गोंधळ टाळायचा तर कॅस क्रमांक बघायचा : ७५-०९-२. हा क्रमांक प्रत्येक रसायनाचा वेगळा असतो, तो बदलत नाही. अशा रिमूव्हरमध्ये साधारण साठ ते पंच्याऐंशी टक्के हे रसायन असतं. बाकी थोडं मिथेनॉल, घट्टपणासाठी सेल्युलोज आणि थोडं मेण. मेण वर साय धरतं म्हणून रसायन लगेच उडून जात नाही. पण पत्री, म्हणजे रंग खरवडायची पट्टी, फिरवली की ती साय मोडते आणि वाफ मोकळी होते.

याचे रेणू लहान असतात. ते रंगाच्या थरात झटकन शिरतात, थर फुगतो आणि लाकडावरची पकड सोडतो. म्हणून काम दोन दिवसांत होतं. रंगारी खोटं बोलत नाही. अडचण वेगळीच आहे. हे द्रव साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ पर्यंत जातो. उन्हात किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन आतून दाबानं फुगतो आणि झाकण फिरवलं की तोंडावर उडतो. दारावर लावलेला थर रंग सुटायच्या आत वाफ होऊन जातो, मग रंगारी पुन्हा लावतो, पुन्हा उडतो. परदेशी कॅनवरचं माप आपल्या उन्हात लागू पडत नाही ते यामुळं. इथं तेवढ्याच दाराला जास्त माल जातो आणि गेलेला माल सगळा हवेत असतो.

हवेत किती, त्याचा हिशोब करू. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे हजार घनफूट, सुमारे २८ घनमीटर हवा. दारं-खिडक्या बंद असताना दोन कप, म्हणजे २०० मिलिलिटर शुद्ध मेथिलीन क्लोराइड तिथं पूर्ण उडालं तर हवेत त्याचं प्रमाण साधारण २,७०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २,७०० भाग, होतं. नायोश या अमेरिकी संस्थेनं जिवाला तातडीचा धोका म्हणून धरलेली पातळी २,३०० पीपीएम आहे. तुमच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये असे कितीतरी कप आहेत. मोरीसारख्या पाच बाय सहाच्या, आठ फूट उंच जागेत तर अर्धा कप पुरतो. त्यात ही वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड. ती वर जात नाही, फरशीलगत साठते, म्हणजे दाराची खालची फळी उकिडवं बसून खरवडणाऱ्या माणसाच्या नाकाशी. वरचा झरोका आणि छताचा पंखा यांचा इथं फारसा उपयोग होत नाही. वाड्याचा चौक चारी बाजूंनी बंद आणि भोवतीच्या ओसरीपेक्षा खोल असेल तर तोही वाफेचा हौदच समजा.

आता मुलाचा मुद्दा. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात जुन्या बाथटबचा लेप काढताना किमान १३ कामगार याच रसायनानं गेले. जागा बाथरूमची, दार अर्धवट लावलेलं, वाफ टबमध्ये साचलेली, माणूस त्यावर वाकलेला. त्यांच्या पर्यावरण संस्थेनं १९७६ च्या विषारी पदार्थ नियंत्रण कायद्याखाली (२०१६ मध्ये त्या कायद्याला धार आली) मार्च २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला बंदी केली. ती त्याच वर्षी नोव्हेंबरपासून लागू झाली. पण कामगारांचा वापर त्या बंदीबाहेर राहिला होता, आणि मरत तर तेच होते. मे २०२४ च्या नियमानं बहुतेक व्यावसायिक वापरही बंद झाले. जे उरले त्यांना आठ तासांच्या सरासरीला २ पीपीएम ही नवी मर्यादा बसली, आधी ती २५ होती. युरोपीय संघ त्याहून आधी जागा झाला. ०.१ टक्का किंवा अधिक मेथिलीन क्लोराइड असलेला रिमूव्हर तिथं डिसेंबर २०११ नंतर सामान्य ग्राहकाला किंवा रंगाऱ्याला विकता येत नाही. काही देशांना प्रशिक्षित कारागिरांपुरती सूट होती, एवढंच.

एक बारकावा तुमच्या दारांशी जोडलेला आहे. २०२४ च्या अमेरिकी नियमात कलात्मक वा ऐतिहासिक मोलाचं जुनं लाकूडकाम करणाऱ्या व्यावसायिकांना मे २०२९ पर्यंत मुदत दिली आहे. तुमचा रंगारी हे वाचून ‘बघा, वाड्याच्या दाराला तिकडेही चालतं’ म्हणाला तर चूक नाही. मात्र ती मुदत हवेचं मोजमाप, शोषक पंखे आणि बाहेरून नळीनं शुद्ध हवा देणारा मुखवटा, या सगळ्यासकट आहे. पत्री आणि रुमाल घेऊन आलेल्या माणसासाठी नाही.

आपल्याकडे या रिमूव्हरच्या घरगुती विक्रीवर तशी बंदी नाही. म्हणून ते मिळतं. पण नियम नाहीतच असंही नाही. घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण व आयातीचे १९८९ चे नियम आहेत. त्यांतला १७ वा नियम डब्यावर आतला घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि धोक्याची माहिती मागतो, शिवाय सुरक्षा माहिती पत्रक मागतो. व्यवहारात त्याला सगळे ‘एमएसडीएस’ किंवा नुसतं ‘एसडीएस’ म्हणतात. दुकानदाराला हे पत्रक मागा. कंपनीचा माल असेल तर मोबाइलवर पाच मिनिटांत येतं. त्याच्या तिसऱ्या भागात घटक आणि कॅस क्रमांक असतात, आठव्या भागात हातमोजे आणि मुखवटा. पत्रक येत नसेल तर माल मोठ्या ड्रममधून सुटा ओतलेला आहे असं धरा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलेलं रिमूव्हर तर हातातही घेऊ नका. काही प्लास्टिक त्यानं मऊ पडतं, आणि घरातलं कुणी तहानेला ती बाटली तोंडाला लावू शकतं. पॅकबंद मालावर निर्मात्याचा पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. जिवाला धोका करणारा माल आणि पुरेशी सूचना न देणं, दोन्ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कक्षेत येतात. परत घ्यायला दुकानदार अडला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

रंगाऱ्याच्या बारा वर्षांबद्दल. तो बहुधा गच्चीत, पोर्चमध्ये, थंडीत काम करत आला असेल. रसायन तेच असलं तरी जागा आणि ऋतू बदलला की हिशोब बदलतो. ‘वास आला की बाहेर येतो’ हे त्याचं दुसरं वाक्य असेल. मेथिलीन क्लोराइडचा गोडसर वास साधारण २०० पीपीएमच्या आसपास जाणवतो, म्हणजे जुन्या २५ च्या मर्यादेच्याही आठपट. थोड्या वेळात नाक त्याला सरावतं आणि मग तोही येत नाही. कापडी रुमाल, एन-९५, कोळशाचा साधा कार्ट्रिज मुखवटा, काहीच पुरेसं नाही. एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. आणि हे रसायन कोळशातून लवकर पार होतं, म्हणूनच अमेरिकी नियमात त्याच्यासाठी कार्ट्रिज चालत नाही. हातमोज्यांचंही तसंच. रबरी किंवा निळे नायट्राइल मोजे काही मिनिटांत झिरपतात आणि त्वचेला भाजतं. टिकतात ते पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) किंवा अनेक थरांचे लॅमिनेट मोजे. पीव्हीएचे मोजे पाण्यात विरघळतात, तेव्हा ओल्या फडक्याचं काम त्यांत करायचं नाही. असे मोजे पेठेतल्या रंगाच्या दुकानात मिळणं कठीणच.

वडिलांचा मुद्दा सगळ्यांत गंभीर आहे. शरीरात गेलेल्या मेथिलीन क्लोराइडचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी करतो. आधीच अरुंद झालेल्या हृदयाच्या नळ्यांना ही तूट सोसत नाही. चरबीत साठलेलं रसायन नंतर कित्येक तास हळूहळू सुटत राहतं, म्हणून काम थांबल्यावरही त्रास वाढू शकतो. इथं एक फसगत हमखास होते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही प्राणवायूचंच समजतो आणि आकडा ९८ दाखवतो. कुणाला डोकेदुखी, भोवळ, नशा चढल्यासारखं, छातीत दाब जाणवला तर ऑक्सिमीटरवर विसंबू नका. मोकळ्या हवेत न्या, १०८ बोलवा आणि सिव्हिलमध्ये डॉक्टरांना रसायनाचं नाव सांगा, पत्रकाचा फोटो दाखवा. आत कुणी कोसळला असेल तर त्याला आणायला धावत आत शिरू नका. आधी दारं उघडा आणि मदत बोलवा, नाहीतर दुसराही तिथंच पडतो.

आगीचं टाळा हे सगळेच सांगतात. इथं कारण वेगळं आहे. हे रसायन थिनरसारखं भडकत नाही, पण त्याची वाफ ज्योतीला किंवा तापलेल्या धातूला लागली की हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन हे विषारी वायू तयार होतात. स्वयंपाकघरातली शेगडी, न्हाणीघरातला गॅस गिझर, देवघरातली समई, रंगाऱ्याची बिडी, हीट गन, सगळं त्यात आलं.

‘बिनवासाचा, सुरक्षित’ म्हणून दुसरा डबा दाखवतील. त्यावर एनएमपी किंवा एन-मिथाइल पायरोलिडोन (कॅस ८७२-५०-४) आहे का बघा. ते कमी उडतं, म्हणून वास नाही, पण त्वचेतून आत जातं आणि गर्भाला अपायकारक म्हणून वर्गीकृत आहे. युरोपात मे २०२० पासून त्याच्या वापरावर बंधनं आहेत. सून घरात असताना हा डबा आणू नका.

खरं तर रिमूव्हर बदलून प्रश्न निम्माच सुटतो. उरलेला निम्मा रंगातच आहे. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा आपला नियम १ नोव्हेंबर २०१६ ला अधिसूचित झाला आणि वर्षभरानं लागू झाला. तुमच्या दारावरचे खालचे चार-पाच हात त्याआधीचे. जुना पिवळा, नारिंगी, हिरवा, लाल ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. शिशाला वास नाही, लगेच त्रास नाही. पोटातल्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूवर मात्र ते परिणाम करतं. म्हणून सँडर मशीन आणि कोरडा पॉलिश पेपर या दारांना लावायचा नाही. ब्लो लॅम्पही नाही, सहाशे अंशांच्या आसपास शिशाची वाफ होते. काम चालू आहे तोवर आणि नंतरची धुवापुशी होईपर्यंत सुनेनं दुसरीकडे राहिलेलं बरं, माहेरी पाठवायचं असेल तर याच दिवसांत पाठवा.

आता करायचं कसं. बेंझिल अल्कोहोलवर चालणारा जेल रिमूव्हर मागवा, दुकानात नसेल तर दोन-चार दिवस लागतील. तो दोन मिनिटांत नव्हे, आठ ते चोवीस तासांत काम करतो. एक मिलिमीटर जाडीच्या थराला एका लिटरमध्ये साधारण दहा चौरस फूट होतात. साडेतीन बाय सहा फुटांचा दरवाजा दोन्ही बाजूंनी ४२ चौरस फूट, म्हणजे एका हाताला सव्वाचार लिटर. कोरीव भागाला त्याहून जास्त. सहा-सात हात असल्यानं दोन वेळा लावावा लागेल, तसा हिशोब धरा. महाग पडेल, ते आधीच मान्य करा.

दारं सुताराकडून उतरवून घ्या. जुनी दारं बिजागरीऐवजी खुंटीवर फिरतात. ती रंगाऱ्यानं उचकटली की खुंटी मोडते. पितळी फुल्या, कडी-कोयंडा काढून ठेवा. दारं गच्चीत किंवा माळवदावर सावलीत आडवी मांडा. चौकट उतरत नाही, तिच्यासमोर शहाबादी फरशीवर जाड पॉलिथिनचे दोन थर पसरा, चौकटीपासून सहा फूट पुढंपर्यंत. शहाबादी दगड रंग पितो, डाग मग निघत नाही.

पहिल्यांदा खालच्या फळीवर वीतभर जागेत जेल लावून बघा. चार, आठ, बारा तासांनी कोपरा खरवडा. जिथं सगळे थर एकदम उठतात तो तुमचा वेळ. मग संध्याकाळी सहानंतर पूर्ण दाराला लावा. ब्रश एकाच दिशेला, जाड थर. रंगासारखा मागे-पुढे घासलात तर थर पातळ होतो आणि सुकतो. लगेच वरून पातळ पॉलिथिन अंथरून कडा चिकटपट्टीनं बंद करा. आपल्या कोरड्या हवेत हे केलं नाही तर सकाळपर्यंत जेलचा पापुद्रा होतो आणि ‘हा माल चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. माल चालतो, सुकलेला चालत नाही.

सकाळी उन्हाच्या आत प्लास्टिकच्या पत्रीनं रेषांच्या दिशेनं खरवडा. कोरीव कामाला नायलॉनचा ब्रश आणि बांबूच्या तासलेल्या काड्या. लोखंडी वायर ब्रश अजिबात नको. त्याचे कण सागवानात अडकतात आणि ओल लागली की काळे ठिपके उमटतात, ते पॉलिशखाली आयुष्यभर दिसतात. उरलं तिथं दुसरा हात. शेवटी डब्यावर सांगितल्याप्रमाणे ओल्या फडक्यानं पुसा. पाईप लावून धुवू नका, फळ्या फुगतात. सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या, मग वॉटर पेपरनं ओलं घासून पॉलिश. खरवडताना एन-९५ आणि नायट्राइल मोजे इथं उपयोगी आहेत, मोजा फुगला की बदला. रंगाऱ्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा. तळहातावर तंबाखू-चुना मळायचा तर आधी साबणानं हात धुऊन. नाहीतर शिसं थेट पोटात जातं. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

कुणी कॉस्टिक सोड्याची पेस्ट सुचवेल. ऑइल पेंट त्यानं साबणासारखा होऊन सुटतो हे खरं, पण सागवान काळं पडतं, रेषा उभ्या राहतात आणि नंतर व्हिनेगरनं उरलेला सोडा मारला नाही तर पॉलिश धरत नाही. लोखंडी गजांना चालेल, या दारांना नाही. हीट गन सपाट फळीला चालते. सेटिंग साडेतीनशे-चारशे अंश, एका जागी थांबायचं नाही, आणि रिमूव्हर लावलेल्या दारावर कधीच नाही. वाळवीनं पोखरलेल्या पोकळीत भुसा असेल तर तो आत धुमसतो, म्हणून काम संपल्यावर दोन तास दाराजवळ कुणीतरी हवं.

खरवड आणि फडकी ओली असतानाच जाड पिशवीत बांधा, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, मोरीत तर नाहीच. घनकचरा नियमांत रंगाचे टाकाऊ डबे इतर कचऱ्यापासून वेगळे धरले आहेत आणि ते वेगळे स्वीकारायची जबाबदारी महापालिकेवर टाकली आहे. पिशवीवर ‘जुना रंग, शिसे’ असं लिहून झोन कार्यालयात विचारून द्या.

मजुरी मात्र दारावर ठरवू नका, दिवसावर ठरवा. उक्तं काम दिलंत की रंगारी दुपारी तुमची नजर चुकवून तो दोन मिनिटांचा डबा काढणारच. तीन दारं आणि चौकटी धरून आठ ते दहा दिवस धरा, आणि डोहाळजेवणाच्या आधी किमान चार दिवस पुसापुशीसाठी मोकळे ठेवा.